गेवराईहून चाकण की वाळूज? धाकट्या भावाला शहरात पाठवण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे तुमच्यासारख्याच पेचात असलेल्या इतरांनाही हे उत्तर कामी येईल. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात तुमची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. कापूस आणि तूर घेता. वडील थकलेत, शेत तुम्हीच बघता. धाकटा भाऊ आयटीआय फिटर पास होऊन घरी बसलाय. ओळखीतला एक जण पुण्याजवळच्या चाकणला ‘कंपनीत लावून देतो’ म्हणून ४० हजार मागतोय. ते ४० हजार आणि तिकडचा सुरुवातीचा खर्च यासाठी एक एकर विकावा का, आणि मुळात भावाला पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय.

पाठवा. एकर विकू नका. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. आणि चाकणच्या आधी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचा विचार करा. हे असं का म्हणतो, ते आता सविस्तर सांगतो. वाळूज-चिकलठाणा पट्ट्यात मी बरीच वर्षं कंपन्यांच्या पर्सोनेल खात्यात काढली. पोरांची भरती केली, त्यांचे गेटपास काढले, हिशोब करून दिले. आता कामगारांची पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयची (कामगार विमा) अडकलेली कामं बघतो. म्हणजे गावाकडून आलेला मुलगा गेटच्या आत येतो तेव्हा काय होतं आणि पाच-सात वर्षांनी बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात काय उरतं, ही दोन्ही टोकं मी पाहिलेली आहेत.

पाठवा म्हणतो, कारण चार एकर कोरडवाहूत दोन कर्त्या माणसांचं बारमाही काम नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण घरात कुणी ते मोठ्यानं बोलत नाही. पेरणी, खुरपणी, फवारणी, वेचणी एवढे दिवस सोडले तर एक माणूस शेत सांभाळतो आणि दुसरा त्याच्याभोवती वावरतो. एकरी चार-साडेचार क्विंटल कापूस धरला, वेचणीची मजुरी, बियाणं, खत, औषध वजा केलं, तर वर्षाच्या शेवटी घरात किती उरतं ते तुमच्या वहीत असेलच. त्या आकड्याला बारानं भागा आणि मग घरातल्या माणसांनी भागा. महाराष्ट्रात १९७०-७१ ला एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. तुम्ही सरासरीच्या थोडे वरच आहात, आणि तरीही ही स्थिती आहे. उद्या तुम्हा दोघांत वाटणी झाली तर दोन-दोन एकर. त्यामुळे भाऊ बाहेर पडणं हे शेतीशी बेइमानी वगैरे काही नाही. तो बाहेर पडला तरच मागे राहणाऱ्याला ते शेत पुरेल.

तुमच्या तालुक्यातून दरवर्षी दिवाळीनंतर उसतोडीला जाणारी कुटुंबं तुम्ही बघता. मुकादमाची उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं बरोबर किंवा आजीकडे, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत. ते कामासाठी हलणं आहे, पण त्यात दरवर्षी त्याच जागी परत येणं आहे. हाताला नवीन काही लागत नाही आणि उचल फिटता फिटत नाही. तुमच्या भावाकडे आयटीआयचा कागद आहे. त्याच्या कामातून दरवर्षी काहीतरी साठत गेलं पाहिजे, पैसा आणि हुनर दोन्ही. ते साठत नसेल तर कंपनीची नोकरीही उसतोडीसारखीच होते, फक्त डोक्यावर पत्रे येतात. आणि आज औद्योगिक वसाहतींत अशी हजारो मुलं आहेत.

शाळेत आपल्याला शिकवतात की देश पुढे जातो तसतशी माणसं शेतीतून कारखान्यात जातात. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत तसं सरळ घडलेलं नाही. केंद्र सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार २०१७-१८ ला देशातल्या काम करणाऱ्यांपैकी ४४.१ टक्के लोक शेतीत होते. २०२३-२४ ला ते प्रमाण ४६.१ टक्के झालं. म्हणजे घटण्याऐवजी वाढलं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गावी परतलेले सगळेच पुन्हा गेले नाहीत, हे त्याचं एक कारण. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं: शहरात जायला वाट आहे, पण तिथे टिकवून धरणारी नोकरी कमी आहे. गाव सोडण्याइतका पगार मिळतो, गाव विसरण्याइतका मिळत नाही.

आता ती नोकरी कशी असते ते बघू. तुमच्या ओळखीतला माणूस ‘कंपनीत लावतो’ म्हणतो, तेव्हा तो कंपनीच्या रोलवर, म्हणजे तिच्या स्वतःच्या पटावर, लावत नाही. तो कॉन्ट्रॅक्टरकडे लावतो. कॉन्ट्रॅक्टरला माणसं पुरवण्यासाठी कंपनी माणशी कमिशन देते, त्यामुळे माणूस मिळणं ही त्याची गरज आहे. सीझनला, म्हणजे दसरा-दिवाळीच्या आधी गाड्यांचं उत्पादन वाढतं तेव्हा, हेच कॉन्ट्रॅक्टर गावोगाव व्हॉट्सॲपवर जाहिराती टाकतात. तुमचा भाऊ आधार कार्ड, बँक पासबुक आणि आयटीआयचं मार्कशीट घेऊन सकाळी त्यांच्या ऑफिसात गेला तर फुकट भरती होतो. जे काम फुकट होतं त्याचे ४० हजार मागणारा माणूस पुढे तुमच्या मदतीला कधी येणार नाही.

भरती झाला की सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ येतो. याचं मूळ जुन्या नियमात आहे. आपल्याकडच्या नमुना स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीचे सरकारी नियम) बारा महिन्यांत २४० दिवस सलग भरलेल्या बदली किंवा टेम्पररी कामगाराला कायम करण्याची तरतूद होती. म्हणून २४० भरण्याआधी पोराला घरी पाठवायचं, महिना-दोन महिन्यांनी दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर, कधी त्याच मशीनवर, पुन्हा घ्यायचं, ही पद्धत पडली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीवाल्याला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. कागदावर ही सुधारणा मोठी आहे. ती भावाच्या हातात पडण्यासाठी त्यानं पहिल्याच दिवशी नियुक्तिपत्र मागायला हवं. तोंडी ‘उद्या देतो’ यावर थांबू नये.

पैशाचा हिशोब मांडू. पगार ग्रॉस १८ हजार धरा. १५ हजारांवर १२ टक्के पीएफ म्हणजे १,८०० कापले. ईएसआय पाऊण टक्का, १३५ रुपये. व्यवसाय कर २००. हातात १५,८६५. तीन-चार जणांत खोली घेतली तर त्याच्या वाट्याला दोन हजारांच्या आसपास भाडं, खानावळीचे तीन-साडेतीन हजार, मोबाईल, जाण्यायेण्याचा खर्च, कपडे, दवाखाना, महिन्याला गावी एक फेरी. काटकसरीनं राहिला तर साडेआठ-नऊ हजारांत भागतं. म्हणजे महिन्याला सहा-सात हजार मागे पडतात. ओव्हरटाइम असेल तर अजून. हे आकडे कंपनीनुसार बदलतील, पण साधारण चित्र हेच आहे. ‘पुण्याला कंपनीत आहे’ म्हटल्यावर गावात जे डोळ्यांसमोर येतं, त्यापेक्षा हे लहान आहे. आणि चार एकरांतून दुसऱ्या माणसाच्या वाट्याला जे येतं, त्यापेक्षा मोठं आहे. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून त्याला पाठवा.

ओव्हरटाइमचं एक सांगून ठेवतो. जादा तासांना कायद्यानं दुप्पट दर आहे. बरेच कॉन्ट्रॅक्टर ‘सिंगल ओटी’ देतात, म्हणजे साध्याच दरानं, आणि तीही पगार स्लिपवर न दाखवता हातात रोख. मुलं गप्प बसतात, कारण बोललं की पुढच्या ब्रेकनंतर बोलावणं येत नाही. भावाला म्हणावं, पहिल्या महिन्यात भांडू नकोस, पण रोजचे तास एका वहीत लिही. शिफ्ट कोणती, लाइन कोणती, सुपरवायझर कोण, किती वाजता पंच केलं. अशी वही असलेल्या मुलाचा हिशोब मी नंतर वसूल करून देऊ शकलो आहे. वही नसेल तर कामगार कार्यालयात नुसतं तोंडी सांगणं उरतं. कॉन्ट्रॅक्टरनं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे फार थोड्या मुलांना माहीत असतं.

माझ्याकडे असाच जालना जिल्ह्यातला एक मुलगा आला होता. टेबलावर त्यानं कॅरीबॅग उलटी केली. आतून चार कॉन्ट्रॅक्टरचे चार गेटपास निघाले, त्यातल्या दोघांवर कंपनी एकच. पगार स्लिप एकही नाही. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, त्याचे तीन. नियमानं माणसाला एकच असतो. पण पहिल्या ठिकाणी नाव लावलं शाळेच्या दाखल्याप्रमाणे, दुसऱ्या ठिकाणी आधारप्रमाणे, आणि दोन्हींत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. तिसऱ्यानं जन्मतारीखच चुकवली. सहा वर्षांचा पैसा तीन खात्यांत तुटून पडलेला. एका कॉन्ट्रॅक्टरनं तर पगारातून पीएफ कापला होता, पण भरलाच नव्हता. बहिणीच्या लग्नाला पैसे हवे म्हणून तो आला होता. दुरुस्तीचे अर्ज, आधीच्या कॉन्ट्रॅक्टरच्या सह्या, खाती एकत्र करणं यात लग्नाची तारीख उलटून गेली. पैसे मिळाले, पण नंतर.

म्हणून भाऊ एसटीत बसण्याआधी हे काम गेवराईतच उरका. शाळेचा दाखला, आधार, पॅन, बँक पासबुक आणि आयटीआयचं प्रमाणपत्र समोरासमोर ठेवा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळते का बघा. जुळत नसेल तर आधी दुरुस्त करा, मग पाठवा. पहिल्या नोकरीत यूएएन निघाला की तोच पुढे प्रत्येक ठिकाणी द्यायचा, नवा काढू द्यायचा नाही. महिन्याचा पीएफ कंपनीनं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. उमंग ॲपवर पासबुक उघडून तो आला की नाही ते दर महिन्याला बघायचं. आणि ब्रेक पडला की लगेच पीएफ काढून मोबाईल घ्यायचा, ही सवय लागू द्यायची नाही. मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. ती वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांतली मिळून चालतात, पण पेन्शनचा भाग मधेच काढून घेतला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वयाच्या ३५ व्या वर्षी सहा कंपन्या फिरलेला आणि पेन्शनच्या खात्यात एक वर्ष असलेला माणूस बघितला की जीव तुटतो.

ईएसआयबद्दल यापेक्षाही ठामपणे सांगेन. वाळूज असो, चाकण असो, मोठ्या कंपन्यांच्या आत बऱ्यापैकी शिस्त असते. अपघात होतात ते त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये, त्यातही पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर. प्रेस खाली यायला दोन्ही हातांनी दोन बटणं एकाच वेळी दाबावी लागतात, म्हणजे हात डायखाली (साच्याखाली) राहूच शकत नाही, अशी रचना असते. पण तासाला किती नग काढायचे याचा तगादा लागला की एक बटण कायमचं दाबून बांधून ठेवतात, किंवा पायाच्या पेडलवर प्रेस चालवतात. मग एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचं. रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला डोळा जड होतो आणि बोट आत राहतं. भावाला तुम्ही स्वतः सांगा: बटण बांधलेल्या प्रेसवर उभं राहायचं नाही. सुपरवायझर रागावला तर रागावू दे, त्या दिवसाचा रोज बुडला तर बुडू दे.

ईएसआयचा नंबर रुजू झाल्याच दिवशी काढायचा असतो. अपघात झाल्यावर घाईघाईनं नोंदणी करणारे कमी नाहीत. नोंदणी असेल तर कामावर झालेल्या अपघाताला हप्ते किती भरले याची अट नाही. बरं होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता आणि कायमचं अपंगत्व आलं तर आयुष्यभर पेन्शन मिळतं. साध्या आजारपणातही वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मिळतात. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला हे लागू आहे. आई-वडील त्याच्यावर अवलंबून असतील तर त्यांचं नावही कार्डावर घालता येतं. गावाकडे वडिलांच्या एका ऑपरेशनपायी जमीन गहाण पडते, त्या तुलनेत महिन्याचे १३५ रुपये ही फार स्वस्त गोष्ट आहे.

हे सगळं झालं कॉन्ट्रॅक्टच्या वाटेबद्दल. पण फिटर मुलासाठी मी ही वाट पहिली ठेवणार नाही. त्यानं आधी ॲप्रेंटिसशिप करावी. सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करायची, एक वर्ष कंपनीत शिकायचं, शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. विद्यावेतन कॉन्ट्रॅक्टच्या पगारापेक्षा कमी असतं आणि पीएफही नसतो. म्हणून मुलं नाक मुरडतात. पण रेल्वे, आयुध निर्माणी, महावितरण अशा ठिकाणच्या जागा निघतात तेव्हा या प्रमाणपत्राला वजन असतं, आणि खासगी कंपनीतही हेल्परऐवजी टेक्निशियन म्हणून उभं राहता येतं. एक खबरदारी घ्या: ‘ट्रेनी’ म्हणून जी पत्रं वाटतात ती सगळी ॲप्रेंटिसशिप नसते. पोर्टलवरचा करार आणि त्याचा नोंदणी क्रमांक असेल तरच ती खरी.

त्यानंतर मशीन. फिटरनं असेंब्ली लाइनवर तेच चार बोल्ट तीन वर्षं आवळले तर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी त्याची किंमत पहिल्या दिवसाइतकीच राहते, कारण ते काम दुसरा मुलगा दोन दिवसांत शिकतो. सीएनसी किंवा व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) ऑपरेटर, मग सेटर (मशीन जुळवून देणारा), मग प्रोग्रॅमर, किंवा मेंटेनन्स, किंवा टूल रूम (साचे-हत्यारं बनवणारा विभाग). या तीन वाटांवर माणूस वाढतो. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्र सरकारची. तिथे सीएनसी आणि टूल-डायचे छोटे-मोठे कोर्स चालतात. तिथून बाहेर पडलेल्या मुलाला कॉन्ट्रॅक्टरच्या दारात उभं राहावं लागत नाही. तुम्हाला एक एकर विकायचाच मोह होत असेल तर त्याआधी या कोर्सची फी विचारून या. दोन वर्षांच्या कापसातून थोडे बाजूला टाकून किंवा भावाच्याच ॲप्रेंटिसशिपच्या पैशातून ती भागवता येईल.

वाळूजचं म्हणाल, तर पहिलं कारण साधं आहे. गेवराई धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. तुम्हाला संभाजीनगर पुण्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर पडतं. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी पहिली पाळी सुटली की तो संध्याकाळी घरी जेवायला येऊ शकतो. वेचणीच्या दिवसांत एक रजा टाकून दोन दिवस मदतीला येऊ शकतो. आईला दवाखान्यात न्यायचं तर रात्रीत पोहोचतो. चाकणहून तेवढ्यासाठी दोन दिवसांचा रोज जातो आणि हळूहळू येणं दिवाळीवर जातं. दुसरं, खर्च. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी या भागात खोली चाकण-महाळुंग्यापेक्षा स्वस्त मिळते. तिसरं, काम. वाळूजला बजाजचा कारखाना १९८० च्या दशकापासून आहे आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो शॉप उभ्या राहिल्यात. शेंद्र्याला स्कोडा आहे. बिडकीन-शेंद्रा ऑरिक वसाहतीत नवे प्रकल्प येत आहेत. तिथल्या घोषणा ऐकून आज निर्णय घेऊ नका, पण पुढच्या पाच-सात वर्षांत कुशल फिटरची मागणी कुठे वाढेल हे लक्षात ठेवा.

चाकणला पगार एक-दोन हजारांनी जास्त असतो आणि कंपन्या खूप जास्त आहेत, हेही खरं. सीएनसी सेटर झाल्यावर, दोन-तीन वर्षांचा अनुभव हातात घेऊन गेला तर चाकण त्याला नक्की मानवेल. हेल्पर म्हणून गेला तर तिथल्या गर्दीत त्याचा नंबर लागणार नाही. तिथल्या वस्त्यांची अवस्थाही डोळे उघडे ठेवून बघा. चाकण अलीकडेपर्यंत ग्रामपंचायत होतं. खराबवाडी, निघोजे, कुरुळी अशा गावांत गावकऱ्यांपेक्षा भाडेकरू जास्त झालेत, पण पाणी, गटार, कचरा, रस्ता हे सगळं गावाच्या मापाचं. तीन शिफ्टची माणसं एका नळावर. वाळूजच्या वस्त्यांतही हेच दुखणं आहे, फक्त थोडं कमी. शहरात जातो म्हणून निघालेली आपली मुलं प्रत्यक्षात शहरात पोहोचतच नाहीत. ती औद्योगिक वसाहतीशेजारच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात, आणि त्यांची जबाबदारी धड ग्रामपंचायत घेत नाही, धड महापालिका.

आता जमिनीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात सुरू झाली. तेव्हापासून कोकणातून आणि साताऱ्या-कोल्हापूरच्या घाटावरून माणसं गिरण्यांत गेली. एका गाळ्यात पाळीपाळीनं झोपले, खानावळीत जेवले, गावी मनिऑर्डर धाडली. पण जमीन बहुतेकांनी ठेवली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप एवढा लांबला आणि तरी घरं तगली, त्याचं मोठं कारण गाव होतं. पगार बंद झाल्यावर कामगार गावी गेले, भात लावला, घरच्यांबरोबर राहिले. ज्यांना गाव नव्हतं त्यांचे हाल वेगळेच झाले. २०२० च्या मार्चमध्ये आपण तेच पुन्हा पाहिलं. ज्याचं घर आणि चुलीपुरतं धान्य गावात होतं, तो चालत का होईना, कुठेतरी पोहोचला.

गिरणी कामगाराला निदान एक आशा होती, की बदलीवर उभं राहता राहता काही वर्षांनी तो कायम होईल. तुमच्या भावाच्या पिढीला तशी खात्री कुणी देत नाही. नोकरी जितकी कच्ची तितकी मागची जमीन पक्की हवी. वाईट काळात उभं राहायला जागा देणारी ती एकच गोष्ट तुमच्या घरात आहे.

कायद्याचाही एक मुद्दा आहे, जो विकताना कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. एक एकर विकल्यानं तुमचं शेतकरीपण जाणार नाही. पण नोकरीसाठी एक, लग्नासाठी एक, घरासाठी एक असं करत शेवटचा एकर गेला, की तुमच्या पोरांना उद्या पैसे असूनही सहजासहजी शेत घेता येणार नाही. संभाजीनगर, पुणे, नाशिकच्या आसपास अशी कुटुंबं आहेत. एमआयडीसीत जमीन गेली, मोबदल्यात गाडी आणि बंगला आला, आणि आता त्यांची मुलं त्याच जमिनीवरच्या कारखान्यात सिक्युरिटीला उभी आहेत.

पैसा अगदीच अडला तर विकण्याआधी इतर वाटा बघा: बटाईनं देणं, पीककर्ज, घरातलं सोनं तारण ठेवणं. सावकाराकडे जमीन लिहून देऊ नका, खरेदीखत करून ‘तोंडी परत देतो’ असा व्यवहार तर अजिबात नको.

यापुढचं लिहायला थोडं अवघड आहे, पण तुमच्या दोघांच्या नात्यासाठी लिहितो. एक भाऊ शेतात आणि एक कंपनीत असला की पाच-सात वर्षांत दोघांनाही वाटू लागतं की आपणच घर ओढतोय. शहरातला म्हणतो, ‘मी दर महिन्याला पाठवतो, त्याचं काय झालं?’ गावातला म्हणतो, ‘आई-वडिलांचं दुखणंखुपणं मी बघतो, त्याला किंमत नाही का?’ आणि दोघांचंही खरं असतं. माझ्याकडे पीएफच्या कामाला आलेली माणसं बोलता बोलता याच दुखण्यावर येतात. म्हणून आत्ता, दोघांचं पटतंय तेव्हा, वडिलांसमोर बसून ठरवा. त्याच्या पगारातले किती घरखर्चाला, किती त्याच्या स्वतःच्या नावावर. शेताच्या उत्पन्नात त्याचा वाटा किती, की शेत पिकवणाऱ्याचं सगळं. वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर वारस म्हणून दोघांचीही नावं, आणि बहिणी असतील तर त्यांचीही, कारण त्यांचा हक्क कायद्यानं सारखाच आहे. साध्या वहीत लिहून तिघांनी सह्या केल्या तरी पुष्कळ झालं.

आणि त्याचा पैसा बोअरमध्ये घालू नका. हे मी फार कळकळीनं सांगतोय. कंपनीत मुलगा लागला की दुसऱ्या वर्षी घरात बोअरची चर्चा सुरू होते. पहिला कोरडा गेला की शेजारी दुसरा. भावानं रात्रपाळ्या करून साठवलेले लाख-दीड लाख दोन दिवसांत खडकात जातात. पाणलोट, विहिरीचं पुनर्भरण, शेततळं, बांधबंदिस्ती यांची कामं सरकारी योजनेतून होतील तेवढी आधी करून घ्या. मागेल त्या फुटाला पाणी लागेल अशी तुमच्याकडची जमीन नाही.

लग्नाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ते मनात असणार. मुलीकडचे आता शेती असलेला पण नोकरी करणारा मुलगा मागतात. त्यामुळे बरीच घरं लग्न जमावं एवढ्यासाठी मुलाला घाईनं कंपनीत चिकटवतात आणि लग्न झालं की वर्षात तो परत येतो. फसवणूक त्या मुलीची होते. भाऊ खरोखर तिकडे राहणार असेल तरच तसं सांगा. आणि सून शिकलेली असेल तर तिच्याही नोकरीचा विचार आधीच करा; दोघांच्या पगारावर वाळूजला घर चालतं, एकाच्या कॉन्ट्रॅक्टच्या पगारावर भाडं, दूध आणि शाळेची फी यांची तोंडमिळवणी होत नाही. तांदूळ-गव्हासाठी रेशन कार्ड गावातच ठेवलं तरी त्याच्या वाट्याचं धान्य तिकडच्या रेशन दुकानात अंगठा लावून घेता येतं, हे अनेकांना माहीत नसतं.

शेवटी घराचा विषय. दोन-तीन वर्षं झाली की त्याचे मित्र त्याला ‘प्लॉट’ दाखवायला नेतील. अर्धा-एक गुंठा, बाँडवर लिहून, हप्त्यानं, ‘पुढे गुंठेवारीत नियमित होईल’ असं सांगून. वाळूज, रांजणगाव, चाकण, शिक्रापूर, सगळीकडे हा धंदा आहे. स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला कागद म्हणजे मालकी नव्हे. खरेदीखताची नोंदणी होत नसेल, सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव लागणार नसेल, जमीन एनए (बिगरशेती) नसेल, तर हात लावू नका, किती का स्वस्त असेना. नोकरी कायम होईपर्यंत किंवा हातात सेटरचं काम येईपर्यंत भाड्यानं राहू दे. त्या काळात महिन्याला जमेल ती रक्कम त्याच्या स्वतःच्या नावावर पोस्टात किंवा बँकेत आवर्ती ठेवीत टाकू दे, आणि त्या खात्याला नॉमिनी म्हणून आईचं नाव लावा.